नानांचा अंधार

नाना कुठल्याही खोलीत शिरले की आधी भिंत चाचपून दिवा बंद करतात. नमस्कार मग. पुतणीच्या साखरपुड्यात त्यांनी हॉलचे दिवे घालवले तेव्हा मुलाकडच्यांना वाटलं वीज गेली. ते मोबाईलच्या उजेडात मुकाट पेढे भरवत राहिले. नाना म्हणाले, “सवय झाली व बाई. उजेडात मले काही दिसतच नाही.”

नाना जळगावच्या एका कॉलेजात शिकवतात आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुते. माझं माहेर कोकणात, संगमेश्वरकडे; शाळा आठवीत सुटली. नवऱ्याच्या मागून इकडे आले. तो गेल्यावर परत जायला घर उरलं नव्हतं. नानांनी आपल्या घरामागची खोली दिली, हे कामही दिलं. तेव्हापासून मला एकच धास्ती, आपल्या हातून काहीतरी फुटणार.

तिथे एक पांढरी पूड तयार होते. रांगोळी तिच्यापुढे खडी वाटावी इतकी बारीक. तिच्यात विरळ मातीतले, ‘रेअर अर्थ’ म्हणतात ते, धातू असतात. “नावाले विरळ,” नाना सांगतात. “सगळीकडे हाय, पन एकमेकांत अशी मिसळेल की निवडता निवडता जीव जाते. भाऊबंदासारखी.” त्या पुडीवर डोळ्यांना न दिसणारा लेझर टाकला की ती अंधारात हिरवी उजळते. तो लेझर मांसातूनही काही अंतर आत जातो. उद्या ही पूड शरीरातल्या गाठीपाशी जाऊन बसली तर गाठ बाहेरून दिसेल, असं नाना म्हणतात. लगेच हेही म्हणतात, “उद्या म्हंजे उद्याच नाही हं.”

घोटाळा या मांसानेच झाला. नाना मुक्ताईनगरकडचे, केळीवाले, घरात पिढ्यांची तुळशीमाळ. आणि लेझर किती आत जातो हे बघायला कोंबडीचं मांस लागतं. मी म्हटलं, मी आणते, मला काही वाटत नाही. ते ऐकेनात. “पाप माझ्या कामाचं, ते तू कायले उचलतं?” मग गळ्यातली माळ पाठीवर टाकून नाना स्वतः दुकानात जायचे आणि म्हणायचे, “हाड नको. भाकरीएवढं जाड काप, काठ सारखे ठेव.” दुकानदार विचारायचा, “पाहुने किती हायेत, सर?” नाना म्हणायचे, “कोनीच नाही.” यानं तर संशय आणखीच वाढला.

बातमी एरंडोलला पोचली. तिथे नानांची थोरली बहीण अक्का दिलेली. आई गेल्यावर नानांना तिनेच वाढवलं. यंदा भाऊबीजेला अक्का आली, ओसरीवर उभ्यानेच ओवाळलं आणि निघाली. ताटावर बसली नाही, पाणीसुद्धा प्यायली नाही.

“कोंबडी खायला लागला म्हने तू.”

“नाही व अक्का.”

“मंग आनतो कायले?”

वर्गात तासभर बोलायचे थांबत नाहीत ते नाना एवढंच म्हणाले, “कामाले लागते.” अक्काने एकदा माझ्याकडे बघितलं. कोकणातली बाई घराच्या मागे राहते, तेव्हा शिजवत असेल तीच. इथं आल्यापासून मी सुकटीचा वाससुद्धा त्या घरात येऊ दिलेला नाही, पण हे सांगायचं कोणाला?

नंतर नानांचं बसणंच गेलं. घरातून ओसरीवर, ओसरीवरून माठाकडे, झाकण उघडून पाणी बघायचं, पुन्हा ओसरीवर. मी म्हटलं, मी दुसरीकडे खोली बघते. ते म्हणाले, “तू गेली तर अक्का पानी पिईन. पन मी खोटा पडीन न.”

शेवटी मी एरंडोलची एसटी धरली. “एकदा येऊन बघा,” एवढंच अक्कापुढे बोलता आलं.

अक्का प्रयोगशाळेत आली, स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. नानांनी तिच्या डोळ्यांवर लेझरपासून जपणारा जाड चष्मा चढवला, तो पदरात अडकला. मग त्यांनी माळ पाठीवर टाकली.

“देवाले मांगे ढकलतो काय रे?”

“त्याले वास नको म्हनून.”

पुडीची बारीक कुपी खाली, तिच्यावर मांसाचा काप. दिवा गेला. काळोखात यंत्राची घरघर, आणि मग त्या कापातून एक फिकट हिरवा ठिपका वर आला.

अक्का ठिपक्याकडे वाकली. मग म्हणाली, “मायच्या पोटातली गाठ दिसली असती काय रे यानं?”

नानांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं.

“नाही, अक्का. पोट लय खोल असते. अजून आपुन भाकरीएवढंच गेलो.”

“मंग लेका, हे सांगाले काय झालं होतं तुले?”

नानांनी लेझर बंद केला. ठिपका विझला. मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला तर अक्का म्हणाली, “राहू दे व बाई, जरासं.” मग नानांना म्हणाली, “पानी दे.”

“इथं प्यायचं नसते, अक्का.”

“मंग घरी चाल. तुह्या माठातलं दे.”

नाना उठले. स्टूल पडलं, टेबल लागलं. अंधारात सगळं दिसणारा माणूस, पण त्याला दार सापडेना.