घड्याळजींच्या पोटातले कारागीर

भाचीचा फोन ठेवला आणि घड्याळजींच्या हातातला चिमटा गळून पडला. तिच्या प्रयोगशाळेला सुना सोडून आजोळच्या माणसांच्या शौचाचे नमुने हवे होते आणि सगळ्यांनी लाजतलाजत डब्या भरून दिल्या होत्या. "मामा, अख्ख्या आजोळात ते जंतू फक्त तुमच्याच डबीत सापडले. रविवारी येऊन सांगते," एवढं बोलून बया मोकळी झाली. शिकलेल्या पोरींना अर्धं बोलायची खोडच असते.

पुरुषमाणूस घाबरला की विचारत नाही, लपवतो. दाढ काढली तेव्हाच्या जंतू मारायच्या गोळ्या कपाटात उरल्या होत्या, त्या घड्याळजींनी गुपचूप संपवल्या. ताट वेगळं केलं. नातीला मांडीवर घेईनात. दुकानात गिऱ्हाइकाचं घड्याळ चालू झालं की ह्यांनाच घाम फुटायचा. शनिवारी तर त्यांनी कपाटाची चावी बायकोच्या हातात ठेवली. लग्नापासून मागत होती, तेव्हा दिली नव्हती. बायकोनं आधी चावी कमरेला खोचली, मग नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. म्हणजे बिघाड डोक्यातच, असं तिनं धरलं.

रविवारी भाची आली.

"किती दिवस उरलेत ते सांग. मामीसमोरच सांग," घड्याळजी म्हणाले.

भाचीला हसू आवरेना. मग तिनं नीट सांगितलं. सोयाबीनमध्ये एक पदार्थ असतो. हे जंतू आतड्यात बसून तो मोडतात आणि त्याचं निराळंच काहीतरी घडवतात. ते अंगाला चांगलं असावं, असं वाटतं. पण असे कारागीर सगळ्यांच्या पोटात नसतात. "नशीबवान आहात, मामा. फक्त उगाच गोळ्या खाऊ नका. तेही मरतील."

घड्याळजी पांढरेफटक पडले. इतके दिवस जंतू असल्याची धास्ती होती, आता नसल्याची. गोळ्यांचं सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडू नका," बायको दारातून म्हणाली. "तुमची डबी मी न बघताच घासून लख्ख केली होती. मग वरचं नाव दिसलं. भाचीपुढे शोभा नको म्हणून भरली मीच."

"मामी, अगं, माझा प्रयोग!"

"तुझा प्रयोग राहू दे. कारागीर माझे ना? जागेवर आहेत." तिनं कमरेची चावी चाचपली. "आणि ही आता परत मिळायची नाही."

घड्याळजींना पुन्हा घाम फुटला.