भाकरीवरचा टाका

आमच्या ऑपरेशन थिएटरच्या सामानाच्या यादीत 'ज्वारीच्या भाकरी : दोन' अशी नोंद आहे. ती मीच केली. इलाज नव्हता.

छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा फाटला की आमच्याकडे तो देशमाने डॉक्टर शिवतात. सराव मात्र भाकरीवर. दुपारी डबे उघडले की टम्म फुगलेली भाकरी हेरतात, मुदत संपलेला धागा सुईत ओवतात आणि पापुद्र्यावर टाके घालत बसतात.

"सर, खायची वस्तू आहे ती!"

"खा की मग, सिस्टर. धागा तेवढा काढा."

नव्या डॉक्टरांनाही हीच शाळा. धागा जरा जास्त ओढला की पापुद्रा टरकतो. "काहून आवळतो बे? गाठ मारायची, गळा न्हाई! कडेला कड टेकली की बास." खऱ्या पडद्याला धागा जाड, न विरघळणारा. "आपण झोपतो, पडदा न्हाई झोपत."

ऊसतोडीच्या हंगामात कौसाबाईंना आणलं. ऊस भरताना गाडीवरून पडलेल्या. पडदा फाटून जठर छातीत चढलं होतं. डॉक्टरांनी ते अलगद खाली घेतलं. प्रत्येक टाक्याला भूलतज्ज्ञ फुफ्फुस क्षणभर थांबवायचे आणि डॉक्टर स्वतःचाही श्वास धरायचे. शेवटची गाठ बसली, फुफ्फुस फुगलं, टाके टिकले.

खरी परीक्षा पुढची. घशातली नळी काढल्यावर बाई आपला श्वास आपण घेतील का?

दुसऱ्या दिवशी, उन्हं कलताना नळी काढली. बाईंच्या छातीवरची हिरवी चादर थांबली, मग हळूच वर आली, खाली गेली. वाऱ्यावर ज्वारीचं रान हलावं तशी. डॉक्टर खाटेशी बसून बघत राहिले. नवरा लेकरांना आणायला आष्टीकडे गेलेला. अर्धवट गुंगीत बाईंनी डॉक्टरांचं बोट धरलं.

"आण्णा, जाऊ नगा."

"हाय मी. इथंच हाय."

मी फॉर्म पुढे केला. "सर, सोबत कोण, हा रकाना रिकामाच आहे. तुम्ही घरी जा, मी बसते."

"घरी कोण हाय, सिस्टर?" ते चादरीवरची नजर न काढता म्हणाले. "माजं नाव लिव्हा."

मी लिहिलं. मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे मिटले होते, आणि खाटेवरचा श्वास नि खुर्चीतला श्वास एकाच लयीत चालला होता.