गाठीचा नंदी

बाजारात जावं, रंगवलेला, चाकं लावलेला तयार नंदी आणावा, बायकोनं "बरा हाये" म्हणावं आणि विषय संपवावा, हा सरळ मार्ग होता. पण निवृत्त माणसाला सरळ मार्ग दिसत नाही. (मी तर कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झालेला. तिथे सरळ मार्गानं कुठली फाईल गेली होती?) मी ठरवलं, इंदूसाठी नंदी आपण स्वतःच्या हातानं घडवायचा.

इंदू म्हणजे माझी बायको. दोन नातवंडांच्या आजीला लाकडी बैल कशाला, असं तुम्ही विचाराल. त्याचं असं झालं. गेल्या तान्ह्या पोळ्याला आमच्या ब्रह्मपुरीच्या गल्लीतली पोरं लाकडी नंदी दोरीनं ओढत दारोदार बोजारा मागत फिरत होती. त्यांच्या हातावर नाणी ठेवता ठेवता इंदू सहज बोलून गेली, "आमच्या चिमूरकडं भावाइले नंदी होता. मले नाई. पोरीले कायले पायजे, म्हणत. मंग मी लाटण्याले सुतळी बांधली अन् त्याइच्या मांगं ओढत गेली. एका दारात बाईनं इचारलं, हा कोनता बैल वो? सारे हासले. मी वापस आली घरी."

हे सांगताना ती स्वतःही हसली आणि लगेच भांडी घासायला गेली. हसून लगेच भांडी घासायला जाते तेव्हा तिला हसू आलेलं नसतं, एवढं मला इतक्या वर्षांत कळलं आहे.

त्यातच मोबाईलवर मला एक पांढऱ्या दाढीचा गोरा साहेब दिसला. झाडाच्या खोडाला कुठे इजा झाली की तिथे आवाळूसारखी गाठ वाढते. साहेब ती गाठ खरादीवर चढवायचा, मशीन गरगर फिरवायचा, पटाशी टेकवायचा आणि आतून अशी नक्षी निघायची, लाटांची, डोळ्यांची, की पाहत राहावं. मी पाहत राहिलो. (वरण करपलं.)

खराद मिळाली. आमचे लच्छूभाऊ सुतार पूर्वी बाजेचे पाय करायचे, आता बाजा कोणी घेत नाही.

"न्या," लच्छूभाऊ म्हणाले, "पन खरादीवर बैल नाई होत, वामनराव. खरादीवर गोलच होते."

"बैलाचं पोट गोलच असतं की!"

"अन् मुंडकं?"

"तेही गोलच."

लच्छूभाऊंनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि खराद ठेल्यावर चढवून दिली.

राहिली गाठ. जंगल चहूकडे आहे, पण तिथून गाठ आणायला गेलो असतो तर पोळ्याआधी वनखात्यानं माझीच मिरवणूक काढली असती. मात्र एक गाठ घरातच होती. आमच्या घरात सगळे उंच, त्यामुळे स्वयंपाकघरातली फळीही उंच. इंदू बुटकी. लग्नानंतर तिच्या बाबांनी ते पाहिलं आणि पुढच्या खेपेला बांधावरच्या आंब्याची भलीमोठी गाठ, वरून-खालून तासून, एसटीतून मांडीवर घेऊन आले. तेव्हापासून इंदू त्या गाठीवर उभी राहून डबे काढते.

मी विचार केला, तिच्याच बाबांची गाठ, तिचाच नंदी. (तेव्हा हा विचार मला फार थोर वाटला.) ती बाजारात गेली असताना गाठ उचलली आणि मागच्या रिकाम्या गोठ्यात नेली.

"आयकता का जी? माही गाठ कुठी गेली?"

"माकडांनी नेली असेल," मी म्हणालो.

"थे येवढी जड गाठ माकडानं नेली?"

"दोघं होते."

इंदूनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग छपरावरच्या माकडांना उद्देशून जे बोलली, ते ऐकून मला त्या निष्पाप जिवांची मनापासून कीव आली.

इकडे गोठ्यात मी स्कूटरचं हेल्मेट घालून मशीन सुरू केली. (इंदूला सांगितलं होतं, लच्छूभाऊंची मशीन दुरुस्त करतोय.) आता गाठ ही काही गोल नसते. ती फिरायला लागली तशी खराद चालायला लागली. मी तिच्या मागून चालत पटाशी लावत होतो. पहिल्या दिवशी नंदीचं पोट फुटलं, कारण आत साल दडलेली होती. मग म्हटलं, लहान नंदी करू. त्याला भोक पडलं. मग म्हटलं, वासरू करू. बैलाचं वय असं रोज कमी होत गेलं.

पोळ्याच्या दिवशी इंदू पुरणाची डाळ शिजवत होती. गोठ्यात वासराचं डोकं खरादीवरून सुटलं, छपराचं कवेलू फोडून स्वयंपाकघरात शिरलं आणि थेट डाळीत पडलं.

"आता लाकडं फेकून राह्यले का रे, मुडद्याहो!" काठी घेऊन इंदू धावत मागे आली. गोठ्यात भुशानं केसाळ झालेला, हेल्मेट घातलेला मी उभा. तिनं काठी उगारली. मग खाली ठेवली.

"तुमी हाय का थे माकड?"

मी हेल्मेट काढलं आणि सगळं सांगितलं. नंदी, लाटणं, त्या दारातली बाई. इंदूच्या बाबांची गाठ भुसा होऊन तिच्या पायाशी पडली होती, आणि मला वाटलं, आता ही मला कधीच माफ करणार नाही. मला खरोखर रडू येत होतं.

तिनं खरादीवर उरलेला तुकडा काढून हातात घेतला. लांबट, गोल, दोन्ही टोकांना निमुळता. थेट लाटणं. फक्त एका टोकाला गाठीतल्या नक्षीचा एक काळाभोर डोळा तेवढा उमटलेला.

"पाह्यते हा माह्याकडं," ती म्हणाली. पदरानं तिनं भुसा पुसला. "बाबानं तवा नंदी नाई देल्ला. गाठ देल्ली. तुमी तिचाच केला." आणि या वेळी ती भांडी घासायला गेली नाही. तिथेच बसून रडली, आणि मीही.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. इंदूनं त्याला हळदकुंकू लावलं, सुतळी बांधली आणि पोरांच्या मागोमाग गल्लीभर ओढत निघाली. एका दारात कोणीतरी विचारलंच, "हा कोनता बैल वो, काकू?"

"आमच्या ह्याइनं बनवला," इंदू ताठ मानेनं म्हणाली, "बोजारा काढ."

आता नंदी देव्हाऱ्याजवळ असतो. फळीवरचा डबा हवा असला की इंदू मला हाक मारते, मी जातो, डबा काढून देतो. दिवसातून कितीदा, ते विचारू नका. काल गुडघा दुखत होता म्हणून मी जरा कुरकुरलो.

"गाठ बरी होती," इंदू म्हणाली, "येकदा मांडली का बोलत नसे."