नसलेल्या मतदारसंघाचा निकाल

विधानसभेचा निकाल लागला की महाराष्ट्रात जेवढे आमदार निवडून येतात, त्याहून एक जास्त आमच्या गावात निवडून येतो. तो अंबड मतदारसंघाचा असतो. अंबड नावाचा मतदारसंघ फेररचनेत कधीच मोडला. त्यातली काही गावं घनसावंगीत गेली, काही बदनापुरात. सरकारने हे मान्य केलं, पुढाऱ्यांनी केलं, मतदारांना तर कुणी विचारलंच नाही. फक्त आमच्या रज्जाकचाचांनी त्या फेररचनेला अजून मंजुरी दिलेली नाही.

मी इथल्या जिल्हा परिषद शाळेत मास्तर. निकाल लागला की दोन्ही मतदारसंघांचे केंद्रनिहाय आकडे मी चाचांना शाळेच्या प्रिंटरवर छापून देतो. ते त्यातून जुनी गावं हुडकतात आणि पक्षवार बेरजा मारतात. ज्या पक्षाची बेरीज जास्त, त्याच्या दोन उमेदवारांपैकी ज्याचं घर जुन्या अंबडात, तो आमदार. दोघांचंही घर बाहेर असलं तर जागा रिकामी ठेवतात आणि लोकांना पोटनिवडणुकीची वाट बघायला सांगतात.

चाचा तहसीलमध्ये शिपाई होते. मतमोजणीच्या दिवशी प्रत्येक फेरीचा कागद बाहेर यायचा आणि तो भोंग्यावर वाचायचं काम चाचांकडे असायचं. मैदानात माणसांचा समुद्र, आणि चाचांनी नुसतं खाकरलं तरी सगळं चिडीचूप. पुढे मतदारसंघ मोडला, मोजणी दुसऱ्या गावाला गेली, चाचा रिटायर झाले. तोंडातली भाषा मात्र तीच राहिली. लग्नात वाढप्यांवर नजर ठेवून ते शेजाऱ्याला सांगणार, तिसऱ्या पंगतीअखेर नवरीकडचे आघाडीवर. तब्येत विचारली तर ताप पिछाडीवर असतो आणि खोकल्याची आगेकूच चालू असते. घरातून भांडणाचा आवाज आला म्हणून मी एकदा डोकावलो, तर ओट्यावर बसून शांतपणे म्हणाले, "सातव्या फेरीअखेर तुमची चाची आघाडीवर हाय, मास्तर. माझं डिपॉझिट वाचंल असं वाटत न्हाई."

अंबडचा इतिहास त्यांना तोंडपाठ. कोणत्या गावची मतपेटी बैलगाडीतून आल्ती, कोण उमेदवार निकालाआधीच गुलाल खेळला आणि मग आंघोळीला जातो म्हणून गेला तो दोन दिवस दिसलाच नाही, हे सगळं ते तुम्हाला एसटीची वाट बघताना सांगतील. एसटी आली तर पुढच्या एसटीने जायला सांगतील.

एकदा त्यांच्या हिशेबाने निवडून आलेला माणूस प्रत्यक्षात सपाटून पडला होता. चाचा हार घेऊन त्याच्या घरी गेले. आधीच घरात सुतक, त्यात हा हार. कार्यकर्ते बाह्या सरसावून उठले. चाचांनी सतरंजीवर कागद पसरले आणि गावागावाची बेरीज करून दाखवली. त्या गृहस्थाने बराच वेळ कागद पाहिले, मग बेरीज पुन्हा एकदा करायला लावली आणि मान पुढे केली. तेव्हापासून चाचा त्याला आमदारसाहेब म्हणतात आणि दर महिन्याला निवेदन देतात. निवेदन एकच, अंबड मतदारसंघ पूर्ववत व्हावा. तेच मुंबईला, तेच दिल्लीलाही जातं.

इथवर मी हसत हसत लिहिलं. पुढचं तसं लिहिता येणार नाही, पण लिहिल्याशिवाय मला बरंही वाटणार नाही.

मधल्या सुट्टीत आम्ही तिघं मास्तर चहा पीत होतो. चाचांचं नवं निवेदन हातात होतं आणि करायला काही काम नव्हतं. रिकामटेकड्या सुशिक्षितांना जे सुचतं ते आम्हाला सुचलं. मजकूर मी रचला. सरकारी मराठी मला बरी जमते, याचा तेव्हा अभिमानही वाटला. 'अंबड मतदारसंघ पूर्ववत करण्याबाबत आपले म्हणणे ऐकून घेण्यात येणार असून, आपण मूळ कागदपत्रांसह जिल्हाधिकारी कार्यालयात समक्ष हजर राहावे.' पत्र खरं वाटावं म्हणून मी वर डाव्या कोपऱ्यात ठळक अक्षरात 'गोपनीय' असं टाकलं. जालन्याला कामाला गेलो तेव्हा तिथला शिक्का बसावा म्हणून ते तिथेच पोस्टात टाकलं.

आमचा हिशेब साधा होता. चाचा प्रत्येक कागद आधी मला दाखवतात. हाही दाखवतील, आम्ही थोडी टर उडवू, चहा पाजू आणि विषय संपेल. पण ज्या माणसाने सगळी नोकरी तहसीलात काढली, तो 'गोपनीय' लिहिलेला कागद कुणाला दाखवत नसतो, हे माझ्या शहाण्या डोक्यात आलं नाही.

दोन दिवस झाले, चार झाले, चाचा काही बोलेनात. एका दुपारी चाचीच शाळेच्या दारात आल्या. म्हणाल्या, "मास्तर, ह्ये सक्काळीच इस्तरीचे कपडे घालून गेल्ते, लोखंडी पेटी घेऊन. कुठं चालले म्हणून इचारलं, तर म्हणले सरकारी बात हाय, कुनाला बोलू नको. नाष्टाबी न्हाई केला. तुमाला काही मालूम हाय का?"

मी नाही म्हणालो.

मोटारसायकल दारात उभी होती. निघालो असतो तर कुणी पत्र वाचायच्या आत त्यांना कचेरीतून परत आणता आलं असतं. पण तिथे जाऊन सांगायचं काय, या भीतीने मी चौथीच्या वर्गावर गेलो आणि भागाकार शिकवत बसलो. पत्र ही चेष्टा होती असं म्हणून मी स्वतःला एक वेळ माफ केलं असतं. त्या भागाकाराचं काय करू?

त्यांच्याकडे जायला मला तीन दिवस लागले. चाचा ओट्यावर पेटी उघडून कागद लावत होते. मी काही बोलायच्या आत त्यांनीच सगळं सांगितलं. दिवसभर बाकड्यावर बसले. चार वाजता एका मॅडमने पत्र वाचलं, दोनदा वाचलं, आणि हे आमचं नाही म्हणाली. तिला फार वाईट वाटलं, तिने पाणीही आणून दिलं. मग म्हणाली, कुणी केलं नाव सांगा, तक्रार घेते, असल्या माणसाची नोकरी राहणार नाही.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. मी म्हणलं, मीच लिवलं. येडा म्हातारा समजून सोडून दिलं तिनं."

पेटीत वरच ते पत्र होतं, आणि खाली मी छापून दिलेले निकालाचे कागद. आमच्या शाळेच्या प्रिंटरची उजव्या बाजूची काळी रेघ सगळ्यांवर सारखी उमटली होती. कचेरीतल्या बाकड्यावर दिवसभर बसलेल्या माणसाच्या नजरेतून ती सुटली असेल, असं म्हणायला मी काही इतका निर्लज्ज नाही. त्यांना ठाऊक होतं. मॅडमला खोटं सांगण्याआधीपासून ठाऊक होतं.

चाचांनी पेटीतून दोन रजिस्टरं काढली. एकावर 'जावक' लिहिलेलं. इतक्या वर्षांतली सगळी निवेदनं त्यात तारीखवार नोंदलेली होती आणि पानं संपत आली होती. दुसऱ्यावर 'आवक'. ते जवळजवळ कोरं होतं. पहिल्या पानावर फक्त एक नोंद होती, माझ्या पत्राची. विषयाच्या रकान्यात त्यांनी माझा मजकूर अक्षर न अक्षर उतरवला होता. पाठवणाऱ्याचा रकाना तेवढा रिकामा होता.

"एवढ्या सालात पैलं पत्र आलं, मास्तर," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. "त्याला उत्तर द्यावं लागंल. कुनाच्या नावानं लिहू?"

मी माझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, हुद्द्यासकट. चाचांनी चष्मा पुसला आणि ते रिकाम्या रकान्यात सावकाश लिहून घेतलं.