भास्कररावांचं एक मिनिट

आमचे केडगावचे शेजारी भास्करराव कुणाच्याही घरी गेले की आधी सगळ्यांना एक मिनिट गप्प बसवून तिथली शांतता रेकॉर्ड करतात. पंखा बंद, मोबाईल बंद, कुकर खाली. ते माहितीपट करतात. "प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते, ताई. ती बोलण्याखाली अंथरावी लागते."

धरणाने उठवलेली गावं, ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्या, अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या ठाकरवाड्या, असं सगळं टिपत त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. एका वाडीत जंगलजमिनीच्या हक्काबद्दल लोक बोलणार होते. यांनी "एक मिनिट शांतता" म्हणताच सगळी वाडी उठून उभी राहिली. टोप्या उतरल्या. मिनिट संपल्यावर एका म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "कोन गेलं, सायेब?"

"कुणी नाही, बाबा."

"मंग आमी हुबं कशापायी राह्यलो? बसा रं!"

खोकला, कोंबडा, हॉर्न काहीही आलं की ते मिनिट बाद. "खराब. पुसा." पण प्रत्यक्षात पुसायचं राहूनच जायचं.

गेल्या महिन्यात त्यांची हार्ड डिस्क भरली आणि नव्या कामाला जागा उरली नाही. यादीशिवाय मला काही सुचत नाही, म्हणून मीच वही घेऊन बसले. जागा कुठली, मिनिट ठीक की खराब. खराब ते पुसायचं. नेवाशाजवळची कोपी, बैल हंबरला: खराब. श्रीरामपूरचा एसटी स्टँड: अर्थातच खराब.

मग आलं 'घर, स्वयंपाकघर'. बराच वेळ नुसता स्टोव्ह. शेवटी बाईचा आवाज, "झालं का रं? दूध उतू चाललंय न्हवं!"

"खराब," मी लिहिलं. "पुसू?"

भास्कररावांनी माझ्या वहीवर हात ठेवला. मग म्हणाले, "आई."

ती पाथर्डीकडची. कारखान्यांवर ऊस तोडून तिने यांना शिकवलं. मी तिला पाहिलेलं नाही. भास्करराव केडगावला येण्याआधीच ती गेली. यांनी कॅमेरा रोखला की म्हणायची, "माजं कुठं जातंय? आदी त्या लोकांचं घे." त्या लोकांचं घेता घेता तिचं राहिलं. शेकडो माणसांचे आवाज आहेत यांच्याकडे. आईचं हे एकच वाक्य.

मी 'खराब' खोडलं.

"परत लावा," ते म्हणाले.

स्टोव्हचा आवाज सुरू झाला. दूध उतू जाईपर्यंत आम्ही दोघंही हललो नाही. मिनिट संपलं. भास्कररावांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"बसा की, ताई."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी उभी होते.