मंजूर नसलेला थांबा

आमचे शेजारी भास्करराव सोळा वर्षांच्या नातीला एसटीची गाडी समजत. जव्हार आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून हयात गेलेली; ध्वनिक्षेपकाचा सूर निवृत्तीनंतरही सुटला नव्हता. आईवेगळी रेणू अकरावीसाठी नाशिकच्या वसतिगृहात गेली, तेव्हा त्यांनी तिच्या फोनमधले लोकेशन आपल्या फोनवर घेतले. तिला विचारले नाही. रोज सकाळी ओट्यावरून घोषणा होई : "रेणू, कॉलेज नाका, सात पंचावन्न. पाच मिनिटे उशीर." गल्लीतून जाणारा परका माणूस नकळत पिशवी सावरत असे.

कोणी हटकले तर उत्तर ठरलेले : "गाडी रस्त्यावर असेतो नियंत्रकाने डोळा मिटू नये."

मला त्यात गैर वाटले नाही. मी आश्रमशाळेचा मुख्याध्यापक होतो. मुलांची घरी जाणारी पत्रे मी वाचल्याखेरीज टपालात पडली नाहीत.

एका रविवारी ते फोन घेऊन माझ्याकडे आले. सलग तिसऱ्या रविवारी रेणू नाशिकच्या बसस्थानकावर तासभर थांबली होती.

"गुरुजी, हा थांबा मंजूर नाही."

कोणी मुलगा असणार, असे आम्ही दोघांनी मनात धरले. वसतिगृहाच्या बाईंना कळवा, असे मीच सुचवले. बाईंनी सगळ्या मुलींदेखत रेणूची पिशवी उलटी केली आणि तिचे रविवारचे बाहेर जाणे बंद केले.

दिवाळीत ती आली तेव्हा मी त्यांच्या ओट्यावरच होतो. तिने फोन आजोबांपुढे ठेवला. आवाज चढवला नाही.

"आजोबा, मी जव्हारची गाडी बघायला जायची. पाटी वाचायची, गाडी सुटली की परत फिरायची. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मग तिने त्यांच्यासमोरच लोकेशन बंद केले. माझ्या हातून गेलेली ती पत्रे मला त्या दिवशी प्रथम आठवली.

आता गल्लीत घोषणा होत नाही. रेणू आठवड्यातून एकदा फोन करते. तब्येत विचारते, ठेवते. भास्करराव मात्र रोज संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून आगारात जातात आणि नाशिकची गाडी येईपर्यंत बाकावर बसतात. परवा मी तेथे गेलो. कोणाची वाट पाहता, असे विचारले.

"कोणाची नाही, गुरुजी. पाटी वाचतो."

मी शेजारी बसलो. गाडी वेळेत आली. त्यांनी ते जाहीर केले नाही.