चंद्रावरून परतीचा नियम

राधाकृष्ण गुरुजींची बायको रतनबाई बेलापूरला आणि गुरुजी जामखेडजवळच्या एका वाडीत. या गोष्टीला सहा वर्षे झाली होती. बदलीचा अर्ज विस्तार अधिकाऱ्यांच्या टेबलावर पडून होता. साहेब शाळा तपासायला येणार म्हटल्यावर गुरुजींनी त्यांना खूश करायला एक खेळ रचला. आपल्या डोक्यावर गुरुजींचा फार भरवसा. आजवर प्रत्येक खड्ड्यात त्या डोक्यानेच नेले, असे ते स्वतःच सांगत.

माणूस चंद्रावर उतरून वर्ष झाले होते. गुरुजींनी अंगणात चुन्याने पंचवीस घरे आखली. झेंड्याचा खांब ही पृथ्वी, लिंबाचा पार हा चंद्र आणि प्रत्येक पोर म्हणजे एक यान. कवड्या टाकायच्या, उताण्या पडतील तितकी घरे पुढे जायचे आणि दर घराला इंधन म्हणून एक शेंगदाणा डब्यात टाकायचा.

पहिल्याच दिवशी निम्मी याने वाटेत थांबली, कारण पोरांनी इंधन खाल्ले. गुरुजींनी दाण्यांऐवजी चिंचोके दिले, तर पोरांनी ते घरून भाजून आणले. शेवटी दाणेच ठेवून गुरुजींनी सक्त ताकीद दिली, "नियम म्हणजे नियम. तो मलाही मोडता यायचा नाही."

साहेब आले, खेळ पाहून रंगात आले. "खेळात नियम मोडणारा जन्मभर नापास होतो," असे पोरांना बजावून त्यांनी स्वतःच कवड्या घेतल्या. तासाभरात ते पारावर पोचले आणि उरलेले चार दाणे सवयीने तोंडात टाकले. तेवढ्यात जामखेडच्या एसटीचा हॉर्न ऐकू आला. साहेब पारावरून उतरू लागले.

चौथीतली शकिला आडवी आली. "साहेब, तुमाला उतरता न्हाई यायचं."

"का गं?"

"परतीचा नियमच न्हाई. आन् इंधन तर तुमी खाल्लं."

साहेबांनी गुरुजींकडे पाहिले. गुरुजींनी चुन्याच्या रेघांकडे पाहिले. जायचे कसे याचा त्यांनी महिनाभर विचार केला होता, यायचे कसे हे डोक्यातच आले नव्हते.

"गुरुजी, सांगा की हिला," साहेब म्हणाले.

"नियम म्हंजे नियम," सगळी पोरे एका सुरात म्हणाली.

आताच नियमांवर बोलून बसलेले साहेब पारावरच थांबले.  गुरुजींनी घाईने नवा नियम काढला, की दुसरे यान जाऊन अडकलेल्याला आणील. शकिला ओंजळभर दाणे घेऊन निघाली. दर खेपेस एकच कवडी उताणी पडत होती. ती चौदाव्या घरात असताना एसटी धुरळा उडवत निघून गेली. साहेबांना वाडीतल्या गोरक्षनाथच्या बैलगाडीतून जावे लागले. जाताना त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतले. याचीच गुरुजींना जास्त धास्ती वाटली.

पंधरा दिवसांनी शेरा आला. "गुण : मुले भूक विसरत नाहीत, पण नियमही विसरत नाहीत. दोष : गेलेल्याला परत येण्याची सोय नाही. असा शिक्षक या वाडीस फार गरजेचा आहे. सबब बदलीचा अर्ज नामंजूर."

गुरुजी पारावर जाऊन बसले. आधी त्यांना रडू आले, मग स्वतःचेच हसू आले.

"काय लिवलंय, गुरुजी?" शकिलाने विचारले.

"मला चंद्रावरच राहायला सांगितलंय."

 शकिलाने फ्रॉकच्या खिशातून मूठभर दाणे काढून पुढे केले. "हितून बेलापूर किती घरं हाय?"

 गुरुजींनी त्या इंधनातला एक दाणा उचलला आणि तोंडात टाकला.